हलकं तेच भारी

एका गावात एक भोळा दीर होता. भोळे दीर तसे गावोगाव असतात, पण ते निदान अधूनमधून ऐकत नाहीत. हा सगळं ऐकायचा. जे सांगितलं ते, जसं सांगितलं तसं, आणि सांगितलं तेवढंच करायचा. त्यामुळे घरच्यांचे फार हाल होत.

त्याचं नाव मुकिंदा. गाव वाघदरे. गाव घाटाच्या पायथ्याला आणि माथ्यावर घाटजाईचं देऊळ. मुकिंदाचा थोरला भाऊ ट्रक घेऊन परमुलखात असायचा. घरी राहायचे मुकिंदा, त्याची आई सोनाबाई आणि वहिनी उज्ज्वला.

वहिनी घाटातल्या वरच्या वाडीत बालवाडी चालवायची आणि रोज सायकलीवरून जायची. सायकल साधी नव्हती. जाड टायरांची, गिअरवाली, डोंगर चढणारी सायकल होती. माहेरी असताना तिनं ती शर्यतीत मिळवली होती. आईला सायकल आवडत नसे. एक तर सून सायकलीवर बसते म्हणून, आणि दुसरं म्हणजे सायकल सोप्यात उभी राहते म्हणून. सोप्यात आईचा लोखंडी पलंग होता. तिच्या लग्नात तिच्या भावानं दिलेला. तो आत आणायला चार माणसं लागली होती. सायकल सोप्यात आली की पलंगावर बसणाऱ्याला पाय आखडून घ्यावे लागत.

जत्रा जवळ आली. जत्रेला घाटात सायकलींची शर्यत असे. प्रत्येकानं सायकलीला आपापला नारळ बांधायचा, वेशीतून निघायचं आणि माथ्यावर देवीच्या पायरीवर तो फोडायचा. आधी पोचला तो पहिला नव्हे. आधी नारळ फोडला तो पहिला. वहिनीला या वर्षी शर्यतीत उतरायचं होतं. पण सायकलीच्या मागच्या चाकावर ज्या दातांच्या चकत्या असतात, ज्यांच्यावरून चेन फिरते, त्या झिजल्या होत्या. चढाला जोर लावला की चेन सटकायची आणि वहिनीचा गुडघा दांडीवर आपटायचा. त्या सगळ्या चकत्यांच्या गठ्ठ्याला कॅसेट म्हणतात. ती बदलायला हवी होती.

बालवाडी सोडून वहिनीला बाजाराला जाता येईना. मुकिंदा रिकामाच होता. वहिनी म्हणाली, "भावजी, शिरवड्याच्या बाजारातून एक कॅसेट आणाल का? हलकी बघून आणा."

मुकिंदा शिरवड्याला गेला. बाजारात एक म्हातारा पोत्यावर जुने रेडिओ, घड्याळं आणि गाण्यांच्या कॅसेटी मांडून बसला होता. मुकिंदानं एक कॅसेट उचलून तळहातावर तोलली, दुसरी तोलली, आणि म्हाताऱ्याला म्हणाला की मला हलकी पाहिजे. म्हाताऱ्यानं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं. मग पोत्याखाली हात घालून एक बिनकव्हराची कॅसेट काढली आणि हळूच म्हणाला, "हिच्यापेक्षा हलकी तुला सबंध जिल्ह्यात मिळायची नाही."

मुकिंदानं ती तोलली. खरंच हलकी होती. कव्हरच नव्हतं.

तो घरी आला तेव्हा सोप्यात आईचं भजनी मंडळ बसलं होतं. मुलानं न सांगता कॅसेट आणली, म्हणजे ती भजनांचीच असणार, असं आईनं धरलं. तिला गहिवरून आलं. तिनं माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढायला लावला आणि कॅसेट घातली. बायकांनी टाळ हातात घेतले. पहिलं कडवं होईपर्यंत कुणाला काही कळलं नाही. दोघी-तिघींनी तर ठेकाही धरला. दुसऱ्या कडव्यात कळलं.

बायका उठून गेल्या. आईनं मुकिंदाला विचारलं, असली कॅसेट तुला कुणी आणायला सांगितली. मुकिंदा खोटं बोलत नसे. म्हणाला, "वहिनीनं. ती म्हणाली, हलकी बघून आण."

वहिनी वाडीवरून उतरली तेव्हा आई पलंगावर पाय आखडून बसली होती. वहिनीनं पुष्कळ समजावलं की ती कॅसेट ही नव्हे, ती चाकाची असते, हलकी म्हणजे वजनाला हलकी. आईचं म्हणणं एवढंच की हे सगळं त्या सायकलीपायी झालं. "भजनी मंडळ आता माझ्या उंबऱ्याला पाय लावायचं नाही. तुला घाट चढायचाय ना? चढ. पायरीवर पहिला नारळ तुझा फुटला तर ही सायकल सोप्यात राहील. नाही फुटला, तर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ती भंगारवाल्याच्या काट्यावर जाईल. देवीची शपथ."

देवीची शपथ म्हटल्यावर बोलणंच संपलं. सायकल गेली की वाडीची चढण पायी, आणि पायी गेलं की बालवाडी भरायच्या आत पोचता येत नाही. वहिनीनं सुस्कारा सोडला आणि मुकिंदाला चुलीपाशी बसवून शिकवण दिली. म्हणाली, चूक माझीच झाली, मी नीट सांगितलं नाही. आता नीट ऐका. कॅसेटला दात असतात. घरात काही आणायचं तर आधी त्याचे दात मोजायचे. झिजलेले असले, पडलेले असले, तर तो माल तिथूनच परत पाठवायचा.

मुकिंदानं ते मनात पक्कं केलं. घरात काही आणायचं तर आधी दात मोजायचे.

दुसऱ्या दिवशी जत्रेसाठी आईचा भाऊ येणार होता. तोच, पलंगवाला मामा. आईनं मुकिंदाला सांगितलं की स्टँडवर जा आणि मामाला घेऊन ये. मामा एस.टी.तून उतरला, त्यानं तोंड भरून भाच्याचं नाव घेतलं. मुकिंदा म्हणाला, तोंड तसंच ठेव मामा. आणि त्यानं दात मोजायला घेतले. मोजणी लगेच संपली. वर काही नव्हतंच, खाली होते ते झिजलेले होते. मुकिंदाला वाईट वाटलं, पण शिकवण ती शिकवण. त्यानं मामाची पिशवी परत एस.टी.त ठेवली, मामाला दंडाला धरून चढवलं आणि कंडक्टरला सांगितलं की हा माल जिथून आला तिथं उतरवा.

मामा संध्याकाळच्या गाडीनं पुन्हा आला, स्वतःच्या पायांनी घरापर्यंत चालला, आणि त्यानंतर मुकिंदा समोर असला की तो उपरण्याचा पदर तोंडाला लावून बोलू लागला.

आईनं कपाळाला हात लावला. वहिनीनं मुकिंदाला पुन्हा चुलीपाशी बसवलं. ती म्हणाली, अहो, घरी येणाऱ्याला असं परत पाठवतात का? त्याला बसायला जागा करून द्यायची. आपण उभं राहायचं पण त्याला बसवायचं. घरी आल्यावर पायावर पाणी घालायचं, हातावर गूळ ठेवायचा. मुकिंदानं हेही पक्कं केलं.

मग, एक दिवस बालवाडीला उशीर झाला तरी चालेल म्हणत, तिनं सायकलीचं मागचं चाक काढून त्याच्या हातात दिलं. शिरवड्यात बाळूशेठचं सायकलीचं दुकान होतं, ते कुठे आहे ते नीट सांगितलं. "शेठला हे चाक दाखवा. तीन गोष्टी विचारा, वजन किती, टिकेल किती आणि किंमत किती. अगदी जड नको, अगदी महाग नको. मधली घ्या. आणि कॅसेट बसवून आणा. आठवेल ना, भावजी? बसवून आणा."

मुकिंदा म्हणाला, आठवेल.

बाळूशेठनं काचेच्या टेबलावर तीन कॅसेटी मांडल्या. आधी मुकिंदानं तिन्हींचे दात मोजले. शिकवण पहिल्यांदाच योग्य जागी पडली होती, पण एकेका कॅसेटला दात पुष्कळ, आणि मध्येच कुणी काही बोललं की तो पहिल्यापासून सुरुवात करायचा. मागं पंक्चरवाल्यांची रांग लागली. रांगेतला एकजण म्हणाला, पाहुणे, तुमच्या लग्नाची मुलगी बघताय का? मुकिंदा म्हणाला, नाही, कॅसेट. आणि पहिल्यापासून मोजायला लागला.

दात झाल्यावर त्यानं तीन गोष्टी विचारल्या. शेठनं सांगितलं, ही पहिली सगळी पोलादाची. वजनाला जड, किमतीला स्वस्त, झिजता झिजायची नाही. ही दुसरी हलकी. मोठ्या चकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या. पायाला पिसासारखी वाटेल, पण महाग, आणि दात लवकर जातील. ही तिसरी त्या दोघींच्या मधली. लहान चकत्या पोलादाच्या, सगळ्यात मोठी तेवढी अ‍ॅल्युमिनियमची.

मुकिंदा म्हणाला, मला हलकी, टिकाऊ आणि स्वस्त पाहिजे.

शेठ हसला. "सगळ्यांना तीच पाहिजे. तशी निघालेलीच नाही. दोन घ्या आणि तिसरी सोडा."

मुकिंदानं दोन उचलून पिशवीत घातल्या आणि तिसरी सोडली. तो दाराबाहेर पडेपर्यंत शेठच्या लक्षात आलं. त्यानं त्याला परत बोलावून पिशवी रिकामी केली आणि सांगितलं की दोन कॅसेटी नव्हे, दोन गुण. हलकी हवी तर खिसा सोडा, स्वस्त हवी तर पाय सोडा. मुकिंदानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग त्याला आठवलं की मधली घ्यायची होती. त्यानं टेबलाच्या बरोबर मध्यावर बोट ठेवलं. तिथं शेठचा चष्मा होता.

शेठनं चष्मा डोळ्यांवर चढवला, मधली कॅसेट स्वतः निवडली, आणि जाता जाता एवढंच म्हणाला, "भाऊ, एक ध्यानात ठेवा. बाकीच्या दुनियेत भारी ते भारी आणि हलकं ते हलकं. सायकलीच्या धंद्यात उलटं. हलकं तेच भारी."

मुकिंदाला हे फार आवडलं. चाकात बसवून देऊ का, असं शेठनं विचारलं. मुकिंदा म्हणाला, नको, बसवायचं काम मला सांगितलंय.

परतीच्या एस.टी.ला तुडुंब गर्दी होती. मुकिंदानं खिडकीजवळची जागा मिळवली आणि तिच्यावर कॅसेट बसवली. स्वतः चाक गळ्यात अडकवून उभा राहिला. एक पोक्त बाई जरा सरका म्हणाल्या, तर त्यानं सांगितलं की बसलेल्याला उठवू नये, वहिनीनं बसवून आणायला सांगितलंय. कंडक्टर आला, त्यानं जागेकडे पाहिलं, मुकिंदाच्या गळ्यातल्या चाकाकडे पाहिलं आणि विचारलं, हाफ का फुल? मुकिंदा म्हणाला, दात सगळे आहेत, फुल धरा.

वहिनी वाडीवरून आली तेव्हा कॅसेट पाटावर बसली होती. तिच्यावर पाणी घातलेलं होतं. फटीफटींत गूळ होता आणि मुंग्या लागल्या होत्या. मामा उपरण्याआड म्हणाला, माझ्यापेक्षा हिचं आदरातिथ्य बरं झालं.

वहिनीनं आधी मुंग्या झटकल्या. मग तिनं कॅसेट रॉकेलनं धुतली, पुसली, हातात घेऊन उलटसुलट पाहिली. कॅसेट बरोबर होती. तिला हवी तीच होती. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मुकिंदाला म्हणाली, "भावजी, आता एकदाच सांगते. माणूस ते माणूस, वस्तू ती वस्तू. माणसाला बसवायचं, वस्तूचे दात मोजायचे. उलट करायचं नाही."

मुकिंदा म्हणाला, आता कळलं. आणि त्याला खरंच कळलं होतं.

जत्रेच्या सकाळी बाळूशेठ वेशीपाशी सायकलींना हवा भरायला बसला होता. त्यानं कॅसेट चाकात बसवून दिली आणि चेन जुळवली. वहिनी एक फेरी मारून आली. चेन दातांवर चढत होती आणि तिथंच राहत होती. वहिनी हसत होती. मुकिंदानं तिला असं हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं होतं.

तिनं शेठला विचारलं, आणखी काही करता येईल का? शेठ म्हणाला, वजन काढा. घंटी काढा, स्टँड काढा. शेवटच्या वळणाला एकेक पाव किलो जाणवतो. वहिनीनं घंटी आणि स्टँड काढून मुकिंदाकडे दिलं, नारळ मागच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं आणि नंबराची पट्टी घ्यायला पंचांकडे गेली.

मुकिंदा सायकल धरून उभा राहिला. त्याला वाटलं, वहिनी आपल्यापायी फार सोसते. आपणही तिच्यासाठी काही करावं. त्यानं शेजारच्या वाण्याकडून तागडी मागून आणली. घंटी तोलली, हलकी निघाली. स्टँड तोललं, त्याहून जड. मग त्याचं लक्ष पिशवीकडे गेलं. त्यानं नारळ काढून तागडीत घातला, आणि पारडं खाली टेकलं. एवढी यातायात करून आणलेल्या कॅसेटीपेक्षाही नारळ जड होता. हे वहिनीच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. त्यानं नारळ वेशीच्या कोनाड्यात ठेवला आणि पिशवीचं तोंड होतं तसं बांधलं.

शर्यत सुटली. मुकिंदा, आई आणि मामा टेम्पोनं आधीच माथ्यावर जाऊन थांबले. शेवटच्या वळणावर पहिली सायकल दिसली ती वहिनीची. तिच्या मागं बरंच अंतर सोडून शिरवड्याचा एक पोरगा डोलत येत होता. माथ्यावरच्या बायका ओरडायला लागल्या. त्यांत भजनी मंडळाच्याही होत्या. आईनं आधी पदर तोंडावर घेतला, मग तोही खाली आला. तिनं मामाचा हात धरला होता आणि ती तो दाबत होती.

वहिनी पायरीपाशी उतरली, सायकल टेकवली, पिशवीत हात घातला. हात पिशवीत तसाच राहिला.

"भावजी," ती म्हणाली, "नारळ कुठंय?"

"काढला," मुकिंदा म्हणाला. "कॅसेटीपेक्षा जड होता. म्हणून तर तू एवढी पुढं आलीस."

"कुठं ठेवलात?"

"वेशीत. एवढं वजन टेम्पोत तरी कशाला?"

देवळाच्या आवारात नारळाची दुकानं पुष्कळ होती, पण नारळ वेशीतून आपल्या सायकलीवर आणलेला हवा, हा नियम. शिरवड्याचा पोरगा धापा टाकत आला आणि त्याचा नारळ फुटला. पंचांनी हात वर केला. वहिनी पायरीवर बसली. मुकिंदाला बरं वाटलं. माणसाला बसवायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बालवाडीला पायी निघाली. सायकलीकडे तिनं पाहिलं नाही. आईचंही मन थोडं खालीवर होत होतं, पण शपथ देवीची होती. वहिनी वळणाआड गेल्यावर देवीची ओटी भरायला निघताना ती मुकिंदाला म्हणाली, "मी येईपर्यंत सोप्यातलं ते लोखंडी धूड भंगारात गेलं पाहिजे. सगळी जागा अडवून बसलंय. पाय पसरायची सोय ठेवली नाही." तिनंही सायकलीकडे पाहिलं नाही, म्हणजे बोटही दाखवलं नाही.

मुकिंदा सोप्यात उभा राहिला. सोप्यात लोखंडी वस्तू दोन. सायकल त्यानं एका हातानं उचलून पाहिली. घंटी नाही, स्टँड नाही, नारळ नाही, वर नवी कॅसेट. ही धूड कशी असेल? मग त्यानं पलंग उचलून पाहिला. पलंग जागचा हलला नाही. सगळी जागाही त्यानंच अडवली होती.

भंगारवाला हातगाडी घेऊन आला. येताना त्यानं गल्लीतली दोन माणसं बोलावली, चौघांनी मिळून पलंग बाहेर काढला. भंगारवाला घाम पुसत म्हणाला, माल भारी आहे बरं का. मुकिंदा म्हणाला, भारी नव्हे, जड आहे. भारी ते घरातच ठेवलंय.

आई ओटी भरून आली. बालवाडी उरकून वहिनीही आली. सोप्यात सायकल उभी होती. तिच्या चारी बाजूंना जागाच जागा होती. कोपऱ्यात मामा आपली वळकटी उराशी धरून जमिनीवर बसला होता. त्याला सकाळी झोपेतून उठवून पलंग नेला होता.

आईनं आधी भिंतीला हात टेकला. मग तिनं सावकाश विचारलं, माझा पलंग कुठंय. मुकिंदानं सांगितलं. भंगारवाल्यानं दिलेले पैसे तिच्यापुढं ठेवले आणि तिनं सांगितलेलं तिलाच शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. लोखंडी, धूड, जागा अडवून बसलेलं. मामा उपरण्याआड म्हणाला, आक्का, बोललीस तर तू असंच. आणि खाली मान घालून हसायला लागला. वहिनीनं तोंड भिंतीकडे केलं. तिचे खांदे हलत होते.

आई खाली बसली. तिच्या बापजन्मात ती कुणापुढं हरली नव्हती. ती म्हणाली, "शपथेप्रमाणं सोप्यातलं लोखंड भंगारात गेलं. देवीला पोचलं. आता ती सायकल राहू दे. जन्मभर राहू दे, तिला कुणी हात लावणार नाही. पण मुकिंदा, बाबा, हे भंगारवाल्याचे पैसे त्याला परत दे आणि माझा पलंग घरी आण."

"घरी आणू?" मुकिंदानं विचारलं.

"घरी आण," आई म्हणाली.

मुकिंदा गेला. बऱ्याच वेळानं आला. एकटाच आला, आणि पैसे तसेच मुठीत होते.

"आणला का रे?" आईनं विचारलं.

मुकिंदानं पैसे तिच्या ओच्यात ठेवले आणि वहिनीकडे वळून म्हणाला, "सगळीकडून पाहिलं, वहिनी. वरून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. एकसुद्धा दात नाही. तिथूनच परत पाठवला."